चपला काढून बसायची गाडी

आमच्या गाडीत बसायचं तर चपला काढाव्या लागत. लातुरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांनी त्यावर मनसोक्त हसून घेतलं होतं. लग्नकार्यात पाहुण्यांना आणायला अण्णा स्टँडवर गेले की दार उघडण्याआधी सांगायचे, "चपला डिकीत ठेवा, मग बसा." मोठमोठे अडत्ये मागच्या सीटवर पाय आखडून अवघडून बसलेले मी पाहिलेत. एकदा एक व्याही याच गोष्टीवरून रुसले आणि भर उन्हात चालत मांडवापर्यंत गेले. अण्णा गाडी हळूहळू चालवत त्यांच्या मागोमाग गेले, पण ‘राहू द्या, घाला चपला’ एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी मला विचारायच्या, "तुमच्या गाडीत घंटा कुठं बांधली गं?" मी चिडायची, आणि चिडते म्हणून त्या आणखी विचारायच्या. हे सगळं ज्या दिवशी सुरू झालं त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं जे आहे ते सगळं मला माहीत आहे, असं मात्र मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आमचं घर डाळमिलच्या आवारातच होतं. पहाटे मिल सुरू झाली की ताटाळ्यातली ताटं हलकी थरथरायची, आणि मिल बंद पडली की ती शांतता ऐकून आम्ही जेवता जेवता वर बघायचो. तुरीची बारीक पिवळी धूळ सगळीकडे असायची. खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर, कधी दह्याच्या सायीवरसुद्धा. आईने मीठ टाकण्याआधीच आमच्या भाकरीला डाळीचा वास असायचा. अण्णा म्हणजे माझे वडील, मन्मथअप्पा. अंगाने आडवे, आवाजाने त्याहून आडवे, आणि हातात एकदा काम घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाहीत असे. त्यांच्यावर चालणारं माणूस घरात एकच होतं, त्यांची थोरली बहीण. माझी ती आत्या, पण घरादारासाठी अक्का. अण्णांची आई ते पाळण्यात असतानाच गेली. त्यांना अक्कानेच वाढवलं. पुढे तिला उदगीरला दिली. तिथून ती लवकरच कपाळ पुसून आणि चार कानडी शब्द घेऊन परत आली, आणि मग आमचीच होऊन राहिली. अण्णा मिलमध्ये हमालांवर ओरडत असले आणि अक्काने ओसरीतून नुसतं "मन्मथा" म्हटलं तरी त्यांचा आवाज जागच्या जागी खाली यायचा.

आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, गळ्यात लिंग असतं. आता आमच्या घरातल्या निम्म्या लेकरांच्या गळ्यात ते नसतं, म्हणून सांगते. बोराएवढं काळं गुळगुळीत लिंग, चांदीच्या डबीत ठेवलेलं, डबी दोऱ्याने गळ्यात. सकाळी अंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाण्याने न्हाऊ घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, आणि त्यानंतर तोंडात पाण्याचा थेंब. आई हे करायची, अण्णा घाईघाईने करायचे, मी सुट्टीच्या दिवशी करायची. अक्का मात्र जगायचीच त्यासाठी. तिचं लिंग तिला लहानपणी गुरूंनी बांधलेलं, आणि तळहाताच्या खळग्यात ते असं बसायचं की वाटावं तो खळगा त्याच्यासाठीच पडलाय. मला ती नेहमी सांगायची, "लिंग हरवलं तर सापडंपर्यंत अन्नपाणी बंद. अन् भंगलं तर मग माणूसच संपलं म्हणायचं." मी विचारायची, "असं संपलेलं कुणी बघितलंस का?" ती म्हणायची, "भंगू दिलं न्हाई कुणी."

गाडी अण्णांनी नांदेडच्या एका डॉक्टरांकडून घेतली. डॉक्टर हैदराबादेत शिकलेले, बोलायला मऊ, अण्णांचे जुने स्नेही. ती अँबेसडर तेव्हाच म्हातारी होती. आज लोक अशा गाड्या शोधत फिरतात आणि त्यांचे फोटो काढतात. आम्ही तेव्हा तिच्यात बसून फक्त घाम पुसायचो. आतला तळाचा जुना लोकरीचा नमदा कुजून त्याचा भुसा झाला होता. रस्त्यावरचा खडा न् खडा पायाला कळायचा, इंजिनाची धग सरळ पिंढऱ्यांवर यायची, आणि आवाज एवढा की लातूर ते अहमदपूर आई मागे बसून काय बोलली ते अण्णांना अहमदपुरात चहा पिताना कळायचं. मग एका रविवारी अण्णांनी ठरवलं की हा नमदा काढायचा आणि दुसरा आपणच घालायचा. "मिलमध्ये बारदाना पडून हाय, डांबर आणता येतं, दाभण घरात हाय. दुसऱ्याच्या दारात कामून जायचं?" त्यांनी सीटा काढल्या, कुजलेला नमदा खरवडला, उघड्या पत्र्यावर गरम डांबर ओतलं आणि त्यावर तुरीच्या पोत्यांचे थरावर थर दाबून बसवले. सुतळीने शिवायचं काम माझ्याकडे होतं. आईने दारातून सांगितलं, "पोती झटकून तरी घ्या हो, शिवणीत तूर अडकलेली असती." अण्णा म्हणाले, "चार दाण्यानं गाडी जड होती व्हय?" वर रबरी चटया टाकल्या आणि काम झालं. आठवडाभर घरात सगळ्यांच्या हातांना डांबराचा वास होता, भाकरीलासुद्धा.

पण खरं सांगायचं तर काम झकास झालं होतं. धग गेली, खडखडाट गेला. गाडीत बसलं की मिलचा आवाजसुद्धा लांबून यायचा. अण्णांना तर गगन ठेंगणं झालं. आल्यागेल्याला ते गाडीत बसवायचे, काचा वर करायचे आणि विचारायचे, "येतो का आवाज? खरं सांगा." कुणी "येतो थोडा" म्हटलं की त्याला चहा मिळायचा नाही.

मध्येच सांगते. ही गाडी आता माझ्या भावाच्या मुलीकडे, केतकीकडे आहे. लातुरात एका गॅरेजात ती गाडी नव्याने उभी करतेय. मी नांदेडला असते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "आत्या, आजोबांचा तो बारदाना काढून टाकते गं. बसलं की नाक धरावं लागतं. आता चांदीसारखे कागद लावलेले फोमचे पत्रे मिळतात, उष्णता नाही की आवाज नाही." मी म्हटलं, काढ. म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. म्हणूनच हे लिहायला बसले.

बारदाना घातला त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्काला मुतखड्याने बेजार केलं. एक मूत्रपिंड कामातून गेलेलंच होतं, दुसऱ्यावर सगळी भिस्त. नांदेडच्या त्याच डॉक्टरांनी तिला तपासून अण्णांना बाजूला घेतलं होतं आणि सांगितलं होतं, "मन्मथअप्पा, यांना पाणी म्हणजेच औषध. उन्हाळ्यात एक दिवस जरी पाण्यावाचून गेला तर ते दुसरंही बंद पडेल. मग माझ्या हातात काही नाही." त्यानंतर अक्काच्या उशाशी तांब्या आणि माझी पाळी, असं ठरून गेलं. एक दिवस कळ थांबेचना, लघवीही अडली, तेव्हा अण्णांनी गाडी काढली. आईला मिलवर थांबावं लागलं. पुढे अण्णा आणि मी, मागे अक्का आणि तिच्याशेजारी पूजेचं ताटली-तांब्याचं गाठोडं. आईने धपाटे आणि शेंगांची चटणी बांधून दिली. आम्ही उजाडायच्या बेताला निघालो. अक्काने अंघोळ केली होती, पूजा व्हायची होती, आणि पूजेवाचून ती पाणी पिणार नव्हती.

अहमदपूर मागे पडल्यावर ती म्हणाली, "मन्मथा, झाडाखाली थांबव. पूजा करून घेते."

अण्णांना डॉक्टरांकडे लवकर पोचायचं होतं. आणि शिवाय त्यांना त्यांची गाडी होती. "थांबायचं कशाला, अक्का? कर की बसल्या बसल्या. हालती का गाडी? आवाज येतो का? घरात बसल्यावानी हाय."

अक्का तशीही प्रवासात कधी कधी गाडीतच पूजा करायची, पण उभ्या गाडीत. त्या दिवशी कळ मारत होती म्हणून असेल, ती वाद न घालता पाय दुमडून बसली. डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं. मी मान वळवून बघत होते. तिने तांब्याने पाण्याची धार धरली, ओठ हलत होते. आणि लोह्याच्या अलीकडे एका वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. अण्णांनी करकचून ब्रेक दाबला. तांब्या माझ्या सीटच्या पाठीवर आदळला, बेलाची पानं उडाली, अक्का पुढे कोसळली. ती सावरली तेव्हा तिचा डावा हात तसाच पुढे पसरलेला होता, ओला आणि रिकामा.

काचा धुळीमुळे वर होत्या, दारं बंद होती. म्हणजे ते गाडीतच होतं. आम्ही गाडी कडेला घेतली आणि शोधायला लागलो. चटया उचलल्या, गाठोडं झटकलं, सीटखाली हात घातले. अक्काच्या लुगड्याच्या निऱ्या झटकल्या. काही नाही. मागच्या बाजूला खालचा बारदाना ओला होऊन फुगला होता, आणि मी घातलेली सुतळीची शिवण बऱ्याच ठिकाणी उसवली होती. त्या फटीतून बोट आत गेलं की खाली दुसरा थर, त्याच्या खाली तिसरा, आणि सगळ्यांत खाली उन्हाने लोण्यासारखं मऊ झालेलं डांबर. काळ्या डांबरात काळं लिंग. अण्णा अक्काकडे वळले.

"अक्का, सापडंल. गाडीतच हाय. तू पाणी घे, आपण दवाखान्यात जाऊन शोधू."

अक्का शांतपणे म्हणाली, "शोध तू. सापडलं की घेते पाणी."

तिथून पुढे नांदेडपर्यंत अण्णांनी गाडी कुठं थांबवली नाही. अण्णांची ती निःशब्द गाडी मला पहिल्यांदा नकोशी वाटली, कारण मागे अक्का कळ आली की दात कसे आवळते ते त्या शांततेत स्पष्ट ऐकू येत होतं. धपाट्यांच्या डब्याला कुणी हात लावला नाही.

डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या घरालाच लागून होता. पुढे अंगण, अंगणात एक कडुलिंब. त्यांनी अक्काला तपासलं, खाटेवर निजवलं आणि सलाईनची बाटली टांगली. अक्काने हात पदराखाली घेतला.

"हे पाणी पिणं नाही, बाई," डॉक्टर म्हणाले. "ही दवा आहे. शिरेतून जाते."

"तोंडातून गेलं काय अन् शिरेतून गेलं काय, डॉक्टरसाहेब. पाणी ते पाणीच."

"जिद्द करू नका. तुमच्या जिवाशी खेळ चाललाय."

"जीव त्याचाच हाय. तो डांबरात पडलाय अन् मी इथं गादीवर पाणी पिऊ?"

डॉक्टरांनी खूप समजावलं. शेवटी बाहेर येऊन अण्णांना म्हणाले, "दिवस मावळेपर्यंत बघू. त्यापुढे मी जबाबदारी घेणार नाही."  मग अण्णांनी डॉक्टरांकडून पटाशी आणि हातोडी मागून घेतली, धोतर खोचलं, आणि कडुलिंबाच्या सावलीत गाडीच्या चारही दारांना आ करायला लावून स्वतःच्या हाताने बसवलेला तो बारदाना स्वतःच्या हाताने फाडायला लागले.

मी त्यांच्या जोडीला होते. मागच्या सीटखालचा पहिला थर उचलला आणि आम्ही दोघेही थबकलो. खाली तुरीला मोड आले होते. पांढरे, लांब, उजेड न बघितलेले मोड. अक्का प्रवासात पूजा करायची तेव्हा सांडलेलं पाणी झिरपून झिरपून, शिवणीत अडकलेले दाणे उगवले होते. दुसऱ्या कुठल्या दिवशी आम्ही यावर लोळून हसलो असतो आणि आईने वर्षभर ऐकवलं असतं. त्या दिवशी अण्णांनी ते मोड मुठीत धरून उपटले आणि बाजूला टाकले. डांबर हाताला चिकटत होतं, पोत्याचा धागा न् धागा त्यात रुतला होता. पटाशीने खरवडायचं, निघालेला गोळा बोटांनी चिवडून बघायचा, पुन्हा खरवडायचं. डांबराचा प्रत्येक गोल गोळा लिंगच वाटायचा. आणि दर वेळी बोटांखाली तो गोळा चपटा व्हायचा.

दुपारी डॉक्टरांनी गल्लीतल्या जंगम स्वामींना बोलावून आणलं. वयस्कर, ठेंगणे, स्वभावाने गोड. ते खाटेजवळ बसले आणि म्हणाले, "अक्का, हरवलं तर नवीन धारण करता येतं. शास्त्राला मंजूर हाय. मी सोबत आणलंय."

अक्काचे ओठ सुकून पांढरे पडले होते, तरी ती हसली. "स्वामी, नवरा गेल्यावर मी दुसरा केला न्हाई. हे तर अजून जित्तं हाय, अंगणात उभ्या गाडीत. ते सोडून दुसरं कसं घेऊ?"

स्वामी ओसरीत जाऊन माळ ओढत बसले. अक्काची कळ वाढत होती. ती माझा हात धरायची आणि नखं रुतेपर्यंत दाबायची, पण आवाज काढायची नाही. माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. समोर माठ होता, पण तिच्यासमोर पाणी प्यायची मला लाज वाटली. मला तिचा रागही येत होता. आजही येतो. एवढंसं लिंग आणि एवढं मोठं माणूस, असं माझ्या मनात येत होतं, आणि मनात आलं म्हणून मी मनातच कान पकडत होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा अण्णांसाठी तांब्याभर पाणी घेऊन मी अंगणात गेले. पटाशीचा आवाज येत नव्हता. अण्णा मागच्या दाराशी, गाडीत अर्धे वाकून, माझ्याकडे पाठ करून बसले होते. हात चालत नव्हते. मी "अण्णा" म्हटलं तरी ते वळले नाहीत. म्हणाले, "जा तू आत. अक्कापाशी बस." आवाज त्यांचा वाटला नाही. मला वाटलं, थकले. तांब्या मी गाडीच्या टपावर ठेवला आणि आत आले.

थोड्या वेळाने ते आले. हात कोपरापर्यंत काळे, धोतराचा सोगा फाटून लोंबत होता. खाटेजवळ खाली फरशीवर बसले. अक्काने त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"न्हाई सापडत, अक्का," ते म्हणाले. "सगळं उकललं. न्हाई सापडत."

"शोध अजून."

"न्हाई. मी आता शोधणार न्हाई. तू स्वामींचं लिंग घे."

"मन्मथा."

ज्या हाकेने त्यांचा आवाज खाली यायचा, तीच हाक. पण या वेळी त्यांनी मान वर केली नाही. "घेत नसशील तर ऐक. मी बी सकाळपासून पाणी पिलं न्हाई. तू पिशील तेव्हा मी पिईन. न्हाईतर दोघंबी इथंच." आणि भिंतीला टेकून त्यांनी डोळे मिटले.

दिवसभर उन्हात, डांबराच्या धगीत राबलेला माणूस तो. आधी त्यांच्या पायात गोळे आले, ते पाय दाबत राहिले. मग ओकारी आली, पोटात काही नव्हतं म्हणून नुसते उमाळे. डॉक्टर ओरडले, मी रडले. डॉक्टरांनी माझ्या हातात पेला दिला, मी तो अण्णांच्या ओठाला लावला, त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून ओघळलं. अक्का खाटेवरून हे सगळं बघत होती. तिने ज्याला भरवून वाढवला, ते लेकरू तिच्या समोर पाणी झिडकारत होतं. कडुलिंबाची सावली ओसरी चढून दारापर्यंत आली होती. अण्णा एकाएकी एका बाजूला कलंडले.

"स्वामी!" अक्का एवढ्या मोठ्याने ओरडली की ओसरीतून माळेसकट स्वामी धावत आले. "द्या ते. लवकर द्या. माझा मन्मथा मरंल."

स्वामींनी घाईघाईने मंत्र म्हटले, विभूती लावली, तिच्या डाव्या तळहातावर नवं लिंग ठेवलं. ते लिंग त्या खळग्यात नीट बसत नव्हतं. तिने डोळे मिटले, पाणी वाहिलं, ते तीर्थ घेतलं आणि मग पेला तोंडाला लावून घटाघटा प्यायली. पिऊन झाल्यावर तोच पेला पुढे केला. "आता पी." अण्णा मी दिलेल्या आधारावर उठून बसले, पेला दोन्ही काळ्या हातांनी धरला आणि प्यायले. पिताना ते रडत होते. अण्णांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सलाईन लागलं. सुईकडे तिने बघितलंही नाही. डॉक्टर म्हणाले, धोका टळेल. तेव्हा ती अण्णांना म्हणाली, "सापडलं न्हाई म्हणजे ते गाडीतच हाय, मन्मथा. तुझ्या बारदान्यात. गाडीत आता कुणी चपला घालून बसायचं न्हाई."

अण्णांनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या रस्त्याच्या कामावरून ते डबाभर डांबर मागून घेऊन आले आणि उकललेला बारदाना परत बसवायला लागले. मी मदतीला गेले तर मला आत पाठवलं. खिडकीतून मला दिसत होतं, पुढच्या बाजूला आम्ही हातही लावला नव्हता, तरी तिथलीही चटई त्यांनी उचलली होती. मला वाटलं, करायचंच तर नीट करावं, असा त्यांचा स्वभाव. लातूरला निघताना त्यांनी चपला काढून डिकीत ठेवल्या, आणि त्यानंतर मरेपर्यंत ती गाडी त्यांनी अनवाणी चालवली. घरी आईने धोतर बघून विचारलं, "हातभर कापड कुठं गेलं?" अण्णा म्हणाले, "पटाशीत अडकून फाटलं."

अक्का त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. माझं लग्न तिने बघितलं, भावाच्या मुलांना खेळवलं. गाडीत बसली की सीटवर हात टेकवून तो कपाळाला लावायची. लिंगैक्य झाली तेव्हा स्वामींनी दिलेलं लिंग तिच्या तळहातावर ठेवून आम्ही तिला माती दिली. तोवर ते त्या खळग्यात नीट बसायला लागलं होतं. गाडीतला तो बारदाना कुबट झाला, त्यात उंदीर झाले. भावाने हजारदा म्हटलं की काढून टाकू, पण अण्णांनी कुणाला चटईसुद्धा उचलू दिली नाही. मी म्हणायची, अण्णा अक्काचा शब्द पाळतात. अण्णांनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली.

इथपर्यंत लिहून मी हे प्रकरण बाजूला ठेवलं होतं. काल दुपारी केतकीचा पुन्हा फोन आला, या वेळी चेहरा दिसणारा. ती गॅरेजात होती, मागे गाडी उघडी पडलेली, पत्र्यावर चकचकीत नवे तुकडे बसवणं चाललेलं. "आत्या, मागचं सगळं काढलं, काही नव्हतं. पण पुढे, ड्रायव्हरच्या बाजूला, क्लचच्या अगदी खाली डांबरात एक पुरचुंडी निघालीय. मुद्दाम बुजवलेली वाटते. बघ." तिने तळहात पुढे केला. काळवंडलेलं कापड होतं, पण त्याचा काठ मी ओळखला. अण्णांच्या धोतराचा. आत अक्काचं लिंग होतं. मधोमध दोन तुकडे झालेलं, पटाशीची धार बसली होती तिथे आतला दगड करडा दिसत होता.

म्हणजे ते सापडलं होतं. मी तांब्या घेऊन गेले तेव्हा ते त्यांच्या हातात होतं. अक्काला ‘सापडलं’ म्हणून सांगितलं असतं तर ते भंगलेलं दाखवावं लागलं असतं, आणि मग तिने नवंही घेतलं नसतं आणि पाणीही. आणि मी आयुष्यभर समजत होते की अण्णांनी त्या दिवशी पाणी सोडलं ते अक्काला वाकवायला. घाईत गाडी न थांबवणारे ते होते, लिंगावर पटाशी चालवणारा हातही त्यांचा होता. त्या फरशीवर ते काही हट्ट करत नव्हते. तिने पाणी घेतलं नसतं, तर ते खरंच उठले नसते. गोदावरीच्या पुलावर थांबून ते नदीत सोडणं किती सोपं होतं. पण अक्काने म्हटलं होतं की ते गाडीतच आहे, म्हणून त्यांनी ते गाडीत ठेवलं, आणि दुसऱ्या कुणाच्या पायाखाली नाही, स्वतःच्याच.

"आत्या, रडू नको ना. याचं काय करू? नदीत सोडू?"

"नको. होतं तिथंच ठेव. वरून तुझा नवा पत्रा टाक." मग मला आठवलं. "आणि आत ती पोरं काम करतायत ना, त्यांना म्हणावं—"

"काढल्यात त्यांनी. हे निघालं तेव्हाच."

तिने फोन खाली वळवला, जागा दाखवायला. मला क्लचचं पेडल दिसलं. त्याचं रबर कधीच गेलं होतं, आणि उघडं लोखंड अण्णांच्या अनवाणी पायाने घासून घासून आरशासारखं झालं होतं.